बडनेरा ते दुर्ग

"पाचपोर, साखळी आणलीत?"

अकोला स्टेशनच्या फलाटावर वामनराव चिंचोळकरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. या, बसा नाही, चहा घेतला का नाही. थेट साखळी.

"आणली, काका."

"कुलूप?"

"आणलं. दोन किल्ल्या आहेत. एक तुमच्याकडे ठेवा."

किल्ली त्यांनी नीट निरखली आणि खिशात टाकली. मग घड्याळ पाहिलं. गाडी सकाळी सात दहाची होती आणि वाजले होते पावणेसहा.

"जरा उशीरच केलात," ते म्हणाले.

साखळीचं मला आधीच कळलेलं होतं. त्यांच्या मुलीने, वृंदाने, कलकत्त्याहून पत्रात बजावून ठेवलं होतं. पत्र आठ पानांचं. त्यातली चार पानं बाबांशी कसं वागायचं यावर आणि उरलेली चार गवतावर.

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवणारा मास्तर. वृंदा कलकत्त्यात एका वनस्पती-संग्रहालयात दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर होती. गवताच्या जाती ओळखायच्या, वाळवून कागदावर डकवायच्या, त्यांची नोंद करायची, असं तिचं काम. आम्हा दोघांचं लग्नाचं ठरलेलं होतं. वामनरावांचं काही ठरलं नव्हतं. मी त्यांना विचारायला गेलो तेव्हा त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

"एप्रिलअखेर मी वृंदाकडे चाललोय," एवढंच म्हणाले. "सत्तावीस तासांचा प्रवास आहे. तुम्हीही चला. माणूस बैठकीच्या खोलीत कळत नाही, गाडीत कळतो. रेल्वेचा प्रवास आवडतो ना?"

"अतिशय," मी म्हणालो.

हे साफ खोटं होतं. लांबच्या गाडीत माझी पाठ आखडते, तोंडाला लोखंडाची चव येते, आणि वरच्या बर्थवर मला ना धड बसता येतं, ना खालची चर्चा संपेपर्यंत झोपता येतं. पण मुलगी मागायला गेलेला माणूस आवडीनिवडी सांगत नाही.

वामनराव मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. घरात ते एकटेच. वृंदा तेरा वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून स्वयंपाक त्यांच्याच हातचा. प्रवासासाठी त्यांनी दशम्या केल्या होत्या, आणि मी शपथेवर सांगतो, सगळ्या एका मापाच्या होत्या. रेल्वेवर त्यांचा जीव. बसचा प्रवास ही त्यांच्या मते शिक्षा होती. विमानाबद्दल ते म्हणत, "जेवणाऐवजी गोळी गिळल्यासारखं आहे ते. पोट भरेल, पण जेवलो असं म्हणता येईल का?"

गाडी आली. आमच्या दोघांच्या बॅगा त्यांनी एकाच साखळीत ओवून बाकाखाली कुलूपबंद केल्या, इंजिनाकडे तोंड करून खिडकीशी बसले आणि मांडीवर एक जुनं, कव्हर फाटलेलं वेळापत्रक घेतलं. मग माझी परीक्षा सुरू झाली. मोठं स्टेशन आलं की फिरकीच्या तांब्यात पाणी भरून आणायचं. चहा मागवायचा, पण भज्यांकडे बघायचं नाही. केळी चालतील, कारण त्यांना साल असतं. मी नळाकडे धावत असताना ते खिडकीतून ओरडत, "पाचपोर, एक मिनिट राहिलं!" मी धापा टाकत परत आलो की घड्याळ पाहून म्हणत, "चाळीस सेकंद होते अजून. घाबरता तुम्ही."

बडनेरा सोडल्यावर तिकीट तपासनीस आला. वामनरावांचे हात दशमीच्या तेलाने भरलेले होते.

"पिशवीच्या वरच्या कप्प्यात पाकीट आहे. दाखवा त्यांना."

मी पाकीट काढलं. जातानाची दोन तिकिटं दाखवली. तपासनीस पुढे गेला. पाकिटात परतीची तिकिटंही होती, ती मी सहज चाळली.

"काका, परतीची तीन आहेत."

"बरोबर. तीनच काढलीत."

"तिसरं कुणाचं?"

"वृंदाचं." त्यांनी रुमालाला हात पुसले. "तिला आणखी तीन वर्षं मिळताहेत तिथे. तुम्हाला लिहिलं असेलच."

लिहिलं होतं. त्या चार पानांत गवताच्या मधोमध हेही होतं, आणि तिथे तिचं अक्षर इतकं मोठं झालं होतं की तिचा आनंद वाचायला लागतच नव्हता, दिसत होता.

"दोन वर्षं झाली, हौस झाली," वामनराव म्हणाले. "अकोल्याला कॉलेजात जागा निघतेय, मी चौकशी केलीय. तिला घेऊन येऊ. तुमच्या घरची हरकत नसेल तर वीस जूनच्या आत तुमचं दोघांचं उरकून टाकू. काय म्हणता?"

ज्या होकारासाठी मी साखळी, कुलूप आणि नसलेली रेल्वेची आवड घेऊन निघालो होतो, तो होकार दोन तासांत समोर आला होता.

"तुम्ही म्हणाल तसं, काका," मी म्हणालो.

त्यानंतरचे काही तास मला लांबचा प्रवास खरोखर आवडला. खिडकीतला वारा गार लागू लागला. पाठ दुखेना. मी मनात पाहुण्यांची यादी केली, तीतून दोन मामांना वगळलं, पुन्हा घातलं. पलीकडच्या बाकावरचं रडणारं बाळही मला गोड वाटलं.

नागपूरला शेवंताबाई रहांगडाले चढल्या. साठीच्या, ठसठशीत कुंकवाच्या, मांडीवर लोणच्याची बरणी. बिलासपूरला लेकीच्या बाळाच्या बारशाला चालल्या होत्या. बसता बसता त्यांनी आम्हा दोघांना न्याहाळलं.

"बाप-लेक का जी तुमी?"

"नाही," वामनराव म्हणाले. "नातं ठरायचं आहे."

"होईन, होईन," बाईंनी परस्पर आशीर्वाद देऊन टाकला आणि बरणी कुठे ठेवली तर हिंदकळणार नाही याचा शोध सुरू केला. शेवटी ती मांडीवरच राहिली.

गोंदिया गेलं, तेव्हा वामनराव माझ्याकडे झुकले.

"एक काम मात्र तुमचं, पाचपोर. वृंदाला तुम्ही सांगायचं."

"मी?"

"माझं नाही ऐकायची. माझ्यावरच गेलीय. तुमचं ऐकेल. म्हणायचं, तीन वर्षं मला काढवणार नाहीत, तू माझ्याजवळ हवीस. संपलं."

एवढं बोलून त्यांनी हवेची उशी फुगवली, मानेखाली घेतली आणि दोन मिनिटांत घोरू लागले. मी वाक्यं जुळवायला बसलो. वृंदा, मला तुझ्याशिवाय... नको, सिनेमातलं वाटतं. वृंदा, अकोल्यातही गवत आहे... हे ऐकून ती पायातली काढेल. वृंदा, बाबांचं वय झालंय... बाबा समोर ठणठणीत घोरत होते. कुठलंही वाक्य सुरू केलं की शेवटाला तिचं ते मोठं झालेलं अक्षर यायचं आणि वाक्य तिथेच बसकण मारायचं.

"काय पुटपुटून राह्यले जी?" शेवंताबाईंनी विचारलं.

"काही नाही, मावशी. एकीला एक गोष्ट सांगायची आहे, ती कशी सांगावी बघतोय."

"कोणाले? काय सांगाचं हाय?"

गाडीत एक बरं असतं. पुन्हा कधी न भेटणाऱ्या माणसाला काहीही सांगता येतं. "एक मुलगी आहे, लांब कामाला," मी म्हणालो. "तिला सांगायचंय की काम सोड आणि घरी ये."

"तिनं काय केलं?"

"म्हणजे?"

"काही चुकलं का तिचं? कामात काही इकडंतिकडं?"

"छे. उलट फार चांगलं चाललंय."

शेवंताबाईंनी बरणीवरचं फडकं घट्ट केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग?"

मी उत्तर शोधलं. डोंगरगड गेलं, राजनांदगाव गेलं, उत्तर काही मिळालं नाही.

दुर्ग येता येता वामनराव उठले आणि त्यांनी तांब्या पुढे केला. मी पाणी भरून आणलं. या वेळी धावलो नाही. तांब्या त्यांच्या हातात दिला आणि उभ्यानेच म्हणालो,

"काका, मी वृंदाला सांगणार नाही."

"बरं. मी सांगेन. तुम्ही शेजारी उभं राहून मान हलवा."

"मानही नाही हलवणार. आणि तुम्हीही सांगू नये असं मला वाटतं."

ते तांब्याचं झाकण फिरवत होते, ते थांबले.

"तीन वर्षं थांबणार तुम्ही?"

"थांबेन."

"आणि मी?"

मी स्वतःच्या शौर्यावर इतका खूश होतो की हे दोन शब्द मला ऐकूच आले नाहीत. म्हणजे कानांवर पडले, पण पुढे गेले नाहीत. आणि त्यांनीही लगेच आवाज चढवला.

"बडनेऱ्याला एक बोलता आणि दुर्गला दुसरं! साडेचारशे किलोमीटरही तुमचा शब्द टिकत नाही. असल्या माणसाला मुलगी द्यायची? विषय संपला, पाचपोर."

विषय संपला, पण प्रवास संपला नव्हता. घरात भांडण झालं तर माणूस दार आपटून बाहेर जाऊ शकतो, चौकात पान खाऊन येऊ शकतो. गाडीत भांडून जायचं कुठे? फार तर संडासाकडे. तिथूनही परत यावंच लागतं, आणि परत आलो तर ज्याच्याशी भांडलो तो मनुष्य गुडघ्याला गुडघा लावून समोरच बसलेला. शिवाय दशम्या त्यांच्या पिशवीत, प्यायचं पाणी मी भरलेलं, आणि दोघांच्या बॅगा एकाच साखळीत.

आमच्यातलं सगळं दळणवळण आता शेवंताबाईंमार्फत सुरू झालं.

"या पोराले दशमी द्या जी, उपाशी हाय," त्या म्हणाल्या.

"त्यांना म्हणावं, घ्या. मी काही डब्याला कुलूप लावलेलं नाही."

"त्यांना म्हणावं, भूक नाही."

"खोटं हाय," शेवंताबाईंनी स्वतःच्या पदरचं घातलं आणि दशमीवर लोणच्याची फोड ठेवून ती माझ्या हातात कोंबली. मी ती चार घासांत संपवली.

वामनरावांची खरी पंचाईत निराळीच होती. येणारं प्रत्येक स्टेशन, प्रत्येक नदी कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे, आणि आता मला सांगता येईना. म्हणून ते शेवंताबाईंकडे पाहून, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "बाई, आता खारून नदी लागेल."

"लागू द्या बापा," बाई म्हणत आणि बरणी सावरत.

बिलासपूरला त्यांचा जावई घ्यायला आला होता. उतरताना त्या दारात वळल्या. "भांडा तुमी," आम्हा दोघांना म्हणाल्या, "पन जेवून भांडा." आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या. मग मात्र आमच्यात कुणीच उरलं नाही. मी वर चढलो आणि भिंतीकडे तोंड करून झोपलो.

सकाळी जाग आली ती शांततेने. गाडी उभी होती. दोन्ही बाजूंना सालवृक्षांचं दाट जंगल, रुळांच्या कडेने वाळकं गवत, आणि माणसाचा मागमूस नाही. पुढे कुठेतरी मालगाडी बंद पडली होती म्हणे. आम्ही आधीच चार तास मागे होतो. डब्यातले लोक खाली उतरून दात घासत होते. मी खाली येऊन वामनरावांच्या समोर बसलो, कारण दुसरी जागाच नव्हती.

त्यांनी वेळापत्रक उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. अर्धा तास गेला.

"इथे थांबा नाही," ते खिडकीला म्हणाले.

मी बाकाखाली वाकून चपला शोधू लागलो.

"वेळापत्रकात इथे थांबाच नाही."

"काका, तुमचं वेळापत्रक सत्याऐंशी सालचं आहे," मी म्हणालो. कव्हरच्या फाटक्या कोपऱ्यावर साल मी कालच वाचलं होतं. चौऱ्याण्णव साल चाललेलं. गेला अख्खा दिवस ते मला सात वर्षांपूर्वीच्या वेळा सांगत होते, आणि आपली गाडी चुकीची धावतेय असं मानत होते.

मला वाटलं, चिडतील. ते चिडले नाहीत.

"ठाऊक आहे. नवीन घेत नाही. यात तिचं सामान आहे."

त्यांनी वेळापत्रक माझ्याकडे सरकवलं. मी पानं उलटली. जम्मूच्या पानात गवताची एक वाळकी काडी होती. रामेश्वरमच्या पानात तुरा. गुवाहाटीच्या पानात तीन पाती दोऱ्याने बांधलेली, आणि खाली शाळकरी अक्षरात तारीख.

"तिची आई गेली," वामनराव म्हणाले, "आणि मे महिन्याची सुट्टी आम्हाला घरात काढवेना. म्हणून दर वर्षी गाडीत बसायचो. जितकं लांब जाता येईल तितकं. पोहोचून काही फार बघायचो असं नाही. देव झाला, समुद्र झाला, की परत. आम्हाला गाडीच पाहिजे असायची. अशी मध्ये कुठे थांबली की लोक वैतागायचे, आणि ही उडी मारून खाली. मी वरून ओरडायचो, वृंदे, गाडी सुटेल. ती म्हणायची, बाबा, एकच, एकच." ते थोडं हसले. "दर वेळी चाळीस सेकंद राहिलेले असताना वर यायची."

मी पानं मिटून वेळापत्रक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"वृंदा कलकत्त्याला गेल्यावर एकदा एकटा निघालो. द्वारकेचं तिकीट काढलं होतं. मनमाडला उतरलो आणि परत आलो. नदी आली तर सांगायचं कुणाला?" मग ते वेळापत्रकाचं फाटकं कव्हर बोटाने नीट करू लागले. "तिला लांब जायला शिकवलं कुणी, पाचपोर?"

दुर्गला न ऐकलेले ते दोन शब्द आत्ता माझ्यापर्यंत पोहोचत होते.

"एक विचारतो. खरं सांगा," ते म्हणाले. "बडनेऱ्याला तुम्ही हो म्हणालात, ते मला घाबरून. हो ना?"

वाट आयती मोकळी करून दिली होती त्यांनी. घाबरलो होतो म्हणालो असतो तर ते समजूनही घेते. पण रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडल्यावर माणसात खोटं बोलायचं बळ उरत नाही.

"नाही, काका. मलाही तेच हवं होतं. वीस जूनच्या आत. दुर्गपर्यंत हवं होतं."

त्यांनी माझ्याकडे एखाद्या शेताची हद्द बघावी तसं बघितलं.

"हं," ते म्हणाले. "मला तर अजून हवंय."

कुठूनतरी शिट्टी ऐकू आली. खाली उतरलेले लोक पळत डब्यात शिरले. गाडीला एक धक्का बसला आणि जंगल मागे सरकू लागलं. वामनरावांनी पिशवीतून डबा काढला.

"दशम्या आहेत अजून. कडक झाल्यात जरा."

आम्ही चहात बुडवून त्या खाल्ल्या. थोड्या वेळाने त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "आता टाटानगरच्या अलीकडे खरकाई लागेल. आणि दुपारी रूपनारायण. मोठं पात्र आहे."

"पूल केवढा आहे?" मी विचारलं.

ते सरसावून बसले आणि त्यांनी मला पूल सांगितला. खांबांसकट. तासभर.

हावड्याला पोहोचायला दुपारचे तीन वाजले. वृंदा सकाळपासून फलाटावर होती. उन्हाने रापलेली, खांद्याला कापडी झोळी, आणि झोळीतून तिचे ते वाळके तुरे बाहेर डोकावत होते. तिने वडिलांना मिठी मारली, त्यांच्या शर्टावरची दशमीची कणी झटकली, आणि एक पाऊल मागे होऊन, भांडायच्या तयारीने विचारलं,

"बाबा, माझंही परतीचं काढलंय ना?"

"काढलं होतं," वामनराव म्हणाले. "रद्द करायचंय. खिडकी कुठे आहे इथे?"

तिने खांद्यावरची झोळी खाली ठेवली. मग ती माझ्याकडे वळली.

"आणि तू? तुला विचारलं असेल ना यांनी? तू काय म्हणालास?"

मी तोंड उघडलं. मला सगळं सांगायचं होतं, मामांच्या यादीपासून.

"तो?" वामनरावांनी मला बोलूच दिलं नाही. "बडनेऱ्यापासून नाही म्हणतोय. सारखं नाही, नाही, नाही. डोकं खाल्लं माझं. चांगला भांडखोर जावई शोधून ठेवलायस."

एवढं बोलून ते पिशवी खांद्यावर टाकून तिकीट खिडकीच्या दिशेने चालू लागले. मी बघतच राहिलो. वृंदाने माझा हात धरला होता, भर फलाटावर, आणि तिचे डोळे भरून आले होते. मी उघडलेलं तोंड मिटलं.

लग्न तीन वर्षांनी झालं. तोवर मी अकरा वेळा कलकत्त्याला गेलो आणि त्यातल्या नऊ वेळा वामनराव सोबत आले. माझी पाठ अजूनही आखडते, पण अकोल्याहून कलकत्त्याला जाताना लागणाऱ्या सगळ्या नद्या मला पाठ आहेत. ते जाऊन आता सहा वर्षं झाली. बडनेऱ्याचं त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

घरी कुणी नवं माणूस आलं की वृंदा अजूनही ती गोष्ट सांगते. हा तर माझ्यासाठी बडनेऱ्यापासून बाबांशी भांडत आला होता, म्हणते. पाहुणे कौतुकाने माझ्याकडे बघतात.

मी उठून चहा टाकतो.